सहा पेरांचा शब्द

मुलाखतीच्या दिवशी माझा क्रमांक चौथा होता आणि सरांचा पाचवा. मी आत गेलो आणि सरांचा तास माझा म्हणून घेतला. माझ्यानंतर सर आत गेले. संध्याकाळी माझी निवड झाली. जूनमध्ये सरांचं कॉलेज सुटलं.

लिहायला बसल्यावर कळलं की हे पाच वाक्यांत मावतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की ही गोष्ट लांबलचक आहे, गुंतागुंतीची आहे, सवडीने सांगायची आहे. सर जाऊन आता चार महिने झाले. सवड झाली आहे.

आमचं कॉलेज नेवाशाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात आहे. तिथे आम्ही दोघे मानसशास्त्र शिकवायचो, दोघेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमायचं, एप्रिलमध्ये मोकळं करायचं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज घ्यायचा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझं ते दुसरं वर्ष होतं. सरांचं सोळावं. मी त्यांना सर म्हणायचो, तेही मला सर म्हणायचे. चौदा वर्षांच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांना एकच पदवी होती.

सरांना कोणताही शब्द अख्खा चालत नसे. वर्गात नवी संज्ञा आली की ते आधी ती फळ्यावर लिहायचे, मग मध्येमध्ये उभ्या रेघा मारायचे आणि मुलांकडे वळून म्हणायचे, "पेरं पाडा." मुलं सगळी उसाच्या गावांतली, नाहीतर शेवगाव-पाथर्डीकडची, ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नसे. "ऊस कुणी अख्खा खातं का?" सर म्हणायचे. "पेर तोडायचं, सोलायचं, चावायचं. चोथा उरला तर थुंकायचा. शब्दाचंही तसंच आहे. आधी तोंडात, मग डोक्यात."

मोजायला ते डाव्या हाताची बोटं वापरत. अंगठा एकेका पेरावरून सरकायचा, जप करणाऱ्या माणसासारखा. दोन महिन्यांत सगळा वर्ग तसं करायला लागे. एका वर्षी परीक्षेला भरारी पथक आलं. पथकातल्या बाईंना दिसलं की अख्ख्या खोलीतली मुलं डाव्या हाताच्या बोटांकडे बघत अंगठा फिरवताहेत. त्यांना वाटलं, बोटांवर उत्तरं लिहून आणली आहेत. पेपर थांबवला. चाळीस मुलांनी चाळीस पंजे पुढे केले. पंजे कोरे होते. एकाच्या हातावर मेंदी होती, ती बहिणीच्या लग्नाची. शेवटी सरांना बोलावणं गेलं.

"हे काय शिकवलंय तुम्ही मुलांना?" बाई म्हणाल्या.

"मोजायला, मॅडम."

"मानसशास्त्राच्या पेपरात काय मोजायचं?"

सरांनी हात वर केला आणि अंगठा फिरवत म्हणाले, "भ, रा, री, प, थक. पाच. तुमचं फार मोठं नाही." बाई हसल्या म्हणून निभावलं. प्राचार्य मात्र हसले नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये सरांना चार तास कमी मिळाले.

त्यांच्या कापडी पिशवीत लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे असत. गावात आलेली एकही पत्रिका ते टाकून देत नसत. कोऱ्या बाजूवर जाड पेनाने शब्दाचे भाग लिहायचे, तुकडे पिसून बाकांवर टाकायचे आणि मुलांनी ते जुळवायचे. एकदा एका मुलीने 'स्किझो' लिहिलेला तुकडा उलटा केला तर मागे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असं छापलेलं. वर्ग दहा मिनिटं हसत होता. सरही हसले आणि म्हणाले, "हसून घ्या. आता हा शब्द तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही."

सायकॉलॉजीच्या सुरुवातीच्या 'पी'बद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हा पी थोरल्या सुनेसारखा. सगळ्यांच्या पुढे उभा, पण तोंडातून आवाज नाही." त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी ठरल्यासारखं विचारायचं, "आणि धाकटी सून, सर?" सर म्हणायचे, "धाकटीचं ऐकायचं असेल तर आमच्या घरी या."

स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा रोजची होती. अर्थशास्त्राचे सर चहा आला की हाक मारायचे, "काय सर, च घेणार की हा घेणार?" कुणी विचारायचं, वहिनी जेवायलाही तुकड्यातुकड्यानेच वाढतात का. सर कप उचलून शांतपणे म्हणायचे, "वाढतात अख्खंच. बोलतातही अखंड." या हसण्यात मी असायचो. मी मोठ्याने हसत नसे, मी कधीच मोठ्याने काही करत नाही. पण मान खाली घालून हसायचो, आणि ते जास्त वाईट असतं.

तरी सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी मी मागून घेतली होती. माझे तास मी पुस्तकातून वाचल्यासारखे घ्यायचो आणि मुलं खिडकीबाहेर बघायची. सरांच्या तासाला कुणी बाहेर बघत नसे. दिवाळीनंतर भावना हे प्रकरण यायचं आणि त्यात सर वर्षातून एकदा एक तास घ्यायचे. दुसऱ्या वर्गातली मुलंही त्या तासाला दाटीवाटीने येऊन बसत. त्याला मुलं 'सहा पेरांचा तास' म्हणायची.

सर फळ्यावर शब्द लिहायचे. अलेक्सिथायमिया. मग खडू ठेवून म्हणायचे, "वाचा."

कुणी वाचत नसे.

"अरे, लांब आहे, विषारी नाही. पाडा पेरं."

"अ. लेक. सि. थाय. मि. या."

"किती?"

"सहा."

"जोर कुठे?"

दोनतीन चुकीची उत्तरं यायची, मग कुणीतरी म्हणायचं, "थायवर."

"बरोबर. चढ तिथे आहे. भरलेली गाडी असली की बैल चढालाच जोर लावतो. आता सोला. अ म्हणजे नाही. ग्रीकांचा अ आणि आपला अ सख्खे भाऊ. अज्ञान, अशक्त, अबोल. लेक्सिस म्हणजे शब्द. थुमॉस म्हणजे आतला जीव, मन, उकळी. हा थुमॉस आणि आपला धूम, म्हणजे धूर, एकाच मुळाचे. आता जोडा."

मुलं चाचपडत जोडायची. धुराला शब्द नाही. धूर आहे पण सांगता येत नाही.

"आत पेटलेलं आहे आणि तोंडाला शब्द नाही," सर म्हणायचे. "हा आजार नाही. कुणाला वेडा ठरवत हिंडू नका. ही माणसाची ठेवण असते. काहींना पोटातली भूक कळते, पोटातलं दुःख कळत नाही. आता माझ्या वडिलांचं सांगतो."

सरांचे थोरले भाऊ विहिरीच्या कामावर गेले. दोर तुटला. सर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. स्मशानातून परत आल्यावर वडिलांनी अंघोळ केली नाही, कुणाशी बोलले नाहीत, फावडं घेतलं आणि मळ्यात गेले. त्या दिवशी पाटाच्या पाण्याची त्यांची पाळी होती. एकेक सरी फोडून ते उसाला पाणी देत राहिले. आपला ऊस भिजला, मग शेजाऱ्याचा भिजला, मग पाणी रस्त्यावर आलं, तरी ते बारं देतच होते. लोक म्हणाले, काळीज हाय का धोंडा. सरांची आई वर्षभर नवऱ्याशी बोलली नाही. सरांनाही वाटायचं, धोंडाच आहे. पुढे पुण्याला शिकताना वाचनालयात त्यांना हा शब्द सापडला. सुटीत घरी आल्यावर वडील कडबा कापत होते, तिथे जाऊन त्यांनी सांगितलं, "दादा, तुमच्यासारख्या माणसांसाठी एक शब्द हाय."

वडिलांनी तो तीनदा म्हणवून घेतला. स्वतः म्हणून बघितला, थायवर अडले. मग म्हणाले, "नाव हाय व्हय ह्याला? मंग मी एकटाच न्हाई म्हणायचं." आणि विळा ठेवून खाली बसले.

एवढं सांगून सर गप्प राहायचे आणि मग विचारायचे, "तुमच्या घरात कोण?" हात हळूहळू वर व्हायचे. पाथर्डीकडच्या एका मुलीने सांगितलेलं माझ्या अजून कानात आहे. "आमचे अण्णा, सर. ताईच्या पाठवणीला सगळी रडली. अण्णा ट्रॅक्टरचं टायर काढत बसले. पंक्चर नव्हतंच ते."

मी हा तास दोन वर्षं ऐकला. दोन्ही वेळा वहीत उतरवून घेतला, थांबण्याच्या जागांसकट.

मग कायमच्या एका जागेची जाहिरात निघाली. अर्ज आम्ही दोघांनीही केला. मुलाखत संस्थेच्या कार्यालयात, नगरला. आम्ही एकाच एसटीने गेलो. सरांनी शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या होत्या, त्यातली एक मला दिली. मी 'प्रेरणा' या विषयाची टिपणं काढून बसलो होतो. त्यांनी ती वाचली, दोन उच्चार सुधारून दिले आणि म्हणाले, "उदाहरण तुमच्या घरातलं द्या. पुस्तकातला माणूस कुणाला भेटत नाही."

"तुम्ही काय घेणार?" मी विचारलं.

"सहा पेरांचाच. दुसरं मला एवढं येतं कुठे? आणि पुन्हा जाहिरात निघेल तेव्हा माझं वय कुणी बघायला तयार होणार नाही. एकदा नीट सांगून यायचं, बस."

हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर बरीच वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो की आत गेल्यावर ते सुचलं.

आत पाच जण बसले होते. फळा होता. "आम्ही नुकती बारावी झालेली मुलं आहोत असं समजा आणि शिकवा," बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले. मी 'प्रेरणा' म्हणालो तसे ते मागे रेलले. "हे सकाळपासून तिसऱ्यांदा होतंय. दुसरं काही आहे का?"

दुसरं होतं. स्मृती होती, अवधान होतं, दोन्हींची टिपणं पिशवीत होती. मी खडू घेतला आणि फळ्यावर तो लांब शब्द लिहिला. उभ्या रेघा मारल्या. डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरवला. मी आयुष्यात तेवढा चांगला कधी बोललो नव्हतो. समोरची माणसं पुढे सरकून बसली. मग थांबायच्या जागी थांबलो आणि म्हणालो, "माझे वडील."

माझे वडील, म्हणजे नाना, एसटीत कंडक्टर होते. कोपरगाव डेपोत तीस वर्षं. बोलणं हाच त्यांचा धंदा. आमच्या घरात त्यांचं बोलणं थांबावं म्हणून आई रेडिओ लावायची. त्या खोलीत मी त्यांना मळा दिला, पाटाचं पाणी दिलं, हातात फावडं दिलं आणि मुकं केलं. माझा सख्खा थोरला भाऊ नाशकात सुखरूप होता, त्याला मी विहिरीत घातला. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

बाहेर आलो तेव्हा सर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "कसं झालं?"

"बरं झालं."

"चला, मी जातो."

दार नुसतं लोटलेलं होतं. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. खडूचा आवाज आला. मग आतून हसू. "अहो सर, थांबा थांबा. हे सहाचं आत्ताच झालं."

"झालं?" सरांचा आवाज.

"झालं. आता तुमचेही वडील पाणी धरायला जाणार काय?"

पुन्हा हसले. मग काहीच ऐकू आलं नाही. त्या शांततेत उठून दार ढकलायचं होतं, ते मी केलं नाही. मग सर म्हणाले, "बरं. मग दुसरं घेतो." त्यांनी काहीतरी सुरू केलं, मध्येच थांबले, पुन्हा सुरू केलं. त्यांचा अडखळता आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बाहेर येऊन ते माझ्याशेजारी बसले. बाटलीतलं पाणी प्यायले. मी मोबाईलमध्ये बघत होतो. त्यात काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "थायवर जोर दिलात ना?"

"हो."

"मग झालं."

एवढंच. परत जाताना ते माझ्याबरोबर आले नाहीत. मुलीच्या दप्तराची चेन बसवून घ्यायची आहे म्हणाले आणि कापड बाजाराच्या दिशेने चालत गेले.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा नानांनी अख्ख्या डेपोत पेढे वाटले. जूनमध्ये मी रुजू झालो. कायमचा माणूस आला की तासिकेवरच्या माणसाला तास उरत नाहीत, हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो. सर त्यांचा कप न्यायला स्टाफरूममध्ये आले. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "आता कसं, सर?" सर म्हणाले, "आता घरी. धाकट्या सुनेचं ऐकायचं." सगळे हसले. मीही.

दिवाळी झाली, भावनांचं प्रकरण आलं. मुलांनीच मागणी केली, सर, सहा पेरांचा तास. मी घेतला. पहिल्या वर्षी ठरवलं होतं की सांगायचं, हा तास अमुक सरांचा, हे वडील त्यांचे. पण समितीतल्या एक जण आमच्या संस्थेच्याच होत्या. त्यांच्यापर्यंत गेलं तर? मी म्हणालो, "माझे वडील." दुसऱ्या वर्षी सांगणं जास्त अवघड झालं, तिसऱ्या वर्षी मी त्याचा विचारही केला नाही. एक मुलगी वर्ग संपल्यावर येऊन म्हणाली, "सर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा." मी सांगतो म्हणालो.

सहाव्या वर्षी माझी आई गेली आणि नाना बोलायचे थांबले. दहा दिवस सगळ्यांना वाटलं, दुःख आहे. तीन महिने झाले तेव्हा मी घाबरलो. ते जेवत, झोपत, विचारलं तर मान हलवत. दिवसभर अंगणातली झाडं पुन्हा पुन्हा धुवायचे. पाइप हातात घेऊन उभे असलेले नाना बघितले की मला घरात थांबवत नसे.

नगरला एका मानसोपचार डॉक्टरांकडे त्यांना नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती आणि त्यांच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सर बसले होते. केस पांढरे झाले होते. पिशवी तीच. डॉक्टर आजाराचं नाव सांगत आणि नातेवाइकांना ते नाव पचवून द्यायचं काम सरांकडे होतं. ते एका म्हातारीशी बोलत होते. तिचा मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता.

"बाय. पो. लर. म्हणा."

"बायपोलर," म्हातारी म्हणाली. "लई सोपं हाय की."

"सोपं आहे ना? मग अंगात आलंय, करणी केलीय असं कशाला म्हणायचं? कुणी विचारलं तर नाव सांगायचं, गोळ्या चालू आहेत म्हणायचं. जोर पोवर द्या."

त्यांनी मला बघितलं. उठले. "या सर, या." मी नानांची ओळख करून दिली. सरांनी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना त्या क्षणी नक्की कळलं असणार की हे ते वडील नव्हेत, आणि आता होऊ घातलेत. त्यांनी काही दाखवलं नाही. नानांना समोर बसवलं आणि विचारलं, "कंडक्टर होता ना तुम्ही? कोपरगावहून नगरला येताना पहिला मोठा थांबा कोणता हो? मी नेहमी विसरतो."

नाना गप्प.

"राहुरी का?"

नानांनी त्यांच्याकडे असं बघितलं की तीस वर्षांचा कंडक्टर जागा झाला. "राहुरी कशी यील आधी?" ते म्हणाले. आवाज गंजलेला होता. "शिर्डी. मंग राहाता. बाभळेश्वर. कोल्हार. मंग राहुरी फॅक्टरी, आन् मंग तुमची राहुरी."

"चुकलंच माझं. मोजा बरं किती झाले."

नानांनी बोटं पुढे केली. मी व्हरांड्यातून उठून रस्त्यावर गेलो आणि तिथे उभा राहिलो. परत आलो तेव्हा नाना आईबद्दल बोलत होते. आई कधीतरी त्या गाडीने बसायची आणि तिकीट काढायला हट्ट करायची, असं काहीतरी.

निघताना सर माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. "एक मागू का?" ते म्हणाले. एवढी वर्षं ओळखत असून त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "एक तास द्या मला तुमच्या वर्गात. मानधन नको, पत्र नको. इथे मी आजारी घरांना शब्द शिकवतो, ते ठीक आहे. पण मुलांसमोर उभं राहून फार वर्षं झाली. एकदा उभं राहावंसं वाटतं. एकच शब्द घेईन."

कोणता ते विचारायची गरज नव्हती.

"हो, नक्की," मी म्हणालो. "कळवतो."

मी कळवलं नाही. त्यांनी दोनदा फोन केला. पहिल्यांदा मी म्हणालो, अंतर्गत परीक्षा आहेत. दुसऱ्यांदा म्हणालो, कॉलेजच्या तपासणीला समिती येणार आहे, सगळे त्यातच आहोत. दोन्ही खरं होतं. पण सर वर्गात उभे राहून "माझे वडील" म्हणाले असते, आणि चाळीस मुलांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं असतं. त्या चाळीस नजरांसाठी मी दीड वर्ष त्यांचा एक तास दिला नाही. नाना दर रविवारी विचारायचे, "बोलावलं का रं सरांना?" आता ते पुन्हा पूर्वीसारखे बोलत होते.

सर गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. रात्री झोपले, सकाळी उठले नाहीत. संदेशाखाली हात जोडल्याची तीसेक चित्रं होती. त्यातलं एक माझं.

दशक्रिया नेवाशाला प्रवरेच्या घाटावर झाली. नाना हट्टाने आले. प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आधी सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग दवाखान्याचे डॉक्टर. नानांचं नाव कुणी पुकारलं नव्हतं, तेच उठून माइकजवळ गेले.

"मी येष्टीचा कंडक्टर," ते म्हणाले. "मालकीन गेली आन् माझी घंटीच वाजंना. ह्या सरांनी मला कोपरगावपासून नगरपातुर एकेक थांबा बोलायला लावला. मी त्यांना एकदाच भेटलो. एकदाच. सख्ख्या पोराला जमलं न्हाई ते त्यांनी केलं. माझा पोरगा हितंच बसलाय, त्याला इचारा."

लोक माझ्याकडे बघायला लागले. निवेदक म्हणाला, "आता सरांचे सहकारी, प्राध्यापक साहेब दोन शब्द बोलतील."

माइक हातात होता. समोर नदी होती, दोनेकशे माणसं होती, पहिल्या रांगेत सरांची मुलगी होती. मी म्हणालो, "सर हाडाचे शिक्षक होते. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही." आणि खाली बसलो. ती पोकळी मी आठ वर्षांपूर्वीच भरली होती, कायमस्वरूपी.

जेवणं चालू असताना वहिनींनी मला बाजूला बोलावलं. डोक्यावरचा पदर नीट करत त्या म्हणाल्या, "तुमचा फोन यील म्हनून पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायला लावला हुता ह्यांनी. न घालताच दोनदा धुतला मी त्यो. घडीवर पिवळा पडायचा."

"परीक्षा होत्या," मी म्हणालो.

"असूं द्या. कामं असत्यात, म्हाईत हाय मला." मग त्यांनी विचारलं, "ते सासऱ्यांचं सांगता का अजून वर्गात? तुमची पोरं रस्त्यात भेटली की सांगायची ह्यांना, सहाचा तास झाला म्हनून. मंग दिसभर खुशीत. म्हनायचे, कॉलेजात माझा बा अजून पानी धरतोय. तुमी सांगता ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

"लई बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पंक्तीकडे गेल्या.

मी आता विभागप्रमुख आहे. विभागात एकटाच आहे. या दिवाळीनंतरही मी तो तास घेतला. शेजारच्या वर्गातली मुलंही येऊन बसली होती. गोष्टीतले वडील अजून माझेच आहेत.